दारवाल्याचं रीळ

लातुरात नासिर ऑपरेटरच्या घराला दारं होती, पण एकाही दाराला कडी नव्हती. पुढच्या दाराला नाही, मोरीच्या दाराला नाही. कपाटावरसुद्धा स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती. गल्लीतली माणसं आधी हसली, मग त्यांना सवय झाली. कुणी नवखा भाडेकरू चोराचिलटाची काळजी घेऊन आलाच, तर नासिर त्याला म्हणायचा, "चोर आत आला तर येऊ द्या की. निदान त्याला बाहेर तर निघता येईल." ऐकणाऱ्याला तो विनोद वाटे. नासिरला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

त्र्याण्णव साली माणसं गणपती बुडवून झोपली आणि पहाटे जमीन हलली. नासिरची एकुलती एक लेक नाजिया त्या आठवड्यात किल्लारीला आपल्या आजोळी गेली होती. कडेवर वर्षाची मनतशा. नासिर मिळेल त्या जीपला लोंबकळत दुपारी तिथं पोचला. सासऱ्याचं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. ते सगळं खाली येऊन एक ढीग झाला होता. त्या ढिगात फक्त पुढचं दार चौकटीसकट उभं होतं, आणि त्याला आतून कडी होती. मागची माती उपसल्यावर नाजिया सापडली. तिचा हात वर, कडीच्या दिशेला. पोर बाजेखाली होती, आणि रडत होती.

"उघडून बाहेर आली असती तरी गल्लीतल्या भिंती अंगावर आल्याच असत्या की," लोकांनी समजूत घातली. खरंही असेल. पण बापाच्या डोळ्यांना हिशेब शिकवता येत नाही. लातूरला परतल्यावर नासिरनं पेचकस घेतला आणि घरातल्या सगळ्या कड्या काढून विहिरीत टाकल्या. त्याची बायको हुसेनबी उंबऱ्यावर बसून बघत राहिली.

आता ज्या माणसाला कडीचं इतकं भय, त्याचा धंदा कुठला असावा? तर जिथं कडी लावणं हाच पहिला धर्म, तो.

नासिर मेहताब टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायचा. त्याला शिकवलं ईश्वरप्पानं. ईश्वरप्पा उदगीरकडचा लिंगायत, गळ्यात लिंग, ओठात विडी, आणि डाव्या हाताची दोन बोटं जळून जुळलेली. त्याच्या बापानं मुक्या सिनेमाच्या काळात जत्रांमधून तंबू लावले होते. देवणीची जत्रा असो की रेणापूरची, बाप हातानं यंत्र फिरवायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस मोठ्यानं गोष्ट सांगायचा. तेव्हाची फिल्म म्हणजे बारुदाची सख्खी बहीण. एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळायची. म्हणून त्या लोकांनी एक रीत पाडली होती. जुनी फिल्म लावायची असेल तेव्हा ऑपरेटरनं खोलीला आतून कडी घालायची. भडका उडालाच तर ऑपरेटर घाबरून दार उघडणार, आणि त्याच्या मागोमाग आग लोकांत जाणार. ते होऊ द्यायचं नाही.

"आन् ऑपरेटरचं काय?" नासिरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ऑपरेटरला पगार हाय की रे नासिर्‍या," ईश्वरप्पा म्हणाला होता. "पब्लिकनं तिकीट काढलंय."

नंतर न पेटणारी फिल्म आली, रीत मागं पडली. पण ईश्वरप्पाकडं बापाच्या वेळचं एक रीळ उरलं होतं. दहा मिनिटांची गंमत. नाव लिहिलेला सुरुवातीचा तुकडा कधीच तुटून गेलेला, त्यामुळं तिला सगळे 'दारवाला' म्हणायचे. वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, ईश्वरप्पा टॉकीजच्या नोकरांना ती दाखवायचा. एक लठ्ठ माणूस, धोतर, कोट, डोक्यावर टोपी, तमाशा बघून घरी येतो. बायकोनं आतून कडी घातलेली. तो दार वाजवतो, हात जोडतो, नाक घासतो. खिडकीतून चढू पाहतो तर धोतर अडकतं. छपरावर जातो तर शेजारणीच्या अंगणात पडतो. शेवटी चिडून दाराला धडक मारतो, आणि आख्खं घर कोसळतं. धुरळा खाली बसतो. चारी भिंती गेलेल्या, दार तेवढं चौकटीत उभं, आणि पलीकडं चुलीपाशी बायको लाटणं घेऊन बसलेली. चहूकडून आत जायला वाट मोकळी आहे. पण हा गडी टोपी झटकतो, धोतर सावरतो, दारासमोर जातो आणि अदबीनं कडी वाजवतो. ती उठते आणि कडी काढते.

त्या एका जागी डोअरकीपरपासून झाडूवालीपर्यंत सगळे पोट धरून हसायचे. नासिर तर पुढच्या आठवड्यातसुद्धा जेवता जेवता हसायचा. लहानगी नाजिया त्याच्या मांडीवर बसून ते बघायची आणि म्हणायची, "अब्बा, यडा हाय का हो ह्यो?"

मरताना ईश्वरप्पानं रीळ नासिरच्या हवाली केलं. सोबत दोन आज्ञा. "दर अमावास्येला डबा उघडायचा, घटकाभर वारं दाखवायचं. ही बया कोंडून ठिवली तर आतल्या आत कुजती, तापती. आन् लावशील तवा कडी घालायची."

भूकंपानंतर नासिरनं पहिली मोडली, आणि दुसरीची वेळच येऊ दिली नाही. ढिगाऱ्यात उभं असलेलं दार त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच पुन्हा त्या डब्यात बघायचं त्याच्या छातीत बळ नव्हतं. त्यानं डब्याच्या झाकणावर कापडी पट्टी गुंडाळली, वर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि डबा टॉकीजच्या मशीनखोलीतल्या लाकडी पेटीत तळाशी ठेवला. फेकवत नव्हता, उघडवत नव्हता. सतरा वर्षं त्यानं त्या डब्याला वारं दाखवलं नाही. ज्यानं घरातलं एकही दार बंद होऊ दिलं नाही, त्यानं ही एकच गोष्ट कोंडली, आणि जी कोंडायची नव्हती नेमकी तीच.

मध्यंतरी मेहताब टॉकीज बुडाली. लातुरात डॉक्टर-इंजिनीयर घडवायचा धंदा असा फोफावला की थेटरं काय, गोदामं आणि गोठेसुद्धा क्लासला पुरेनात. पंचाक्षरी सरांनी टॉकीज घेतली. खुर्च्या गेल्या, बाकं आली. पडद्याच्या जागी पांढरा फळा लागला. जमिनीचा उतार मात्र तसाच राहिला, त्यामुळं मागच्या पोरांच्या पेन्सिली घरंगळत पुढच्यांच्या पायाशी जात. सरांनी नासिरला राखणीला आणि घंटा वाजवायला ठेवून घेतलं, आणि त्या बदल्यात मनतशाला फुकट बसू दिलं. आई गेलेली, बाप दुसरं लग्न करून हैदराबादला स्थायिक. पोर नाना-नानीनंच वाढवली होती. बारावीत होती, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. मशीनखोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छपरापर्यंत रचले गेले. पेटी त्यांच्याखाली गाडली गेली.

एकदा पुण्याहून शिल्पा नावाची एक बाई आली. मुक्या सिनेमांचा शोध घेत हिंडत होती. ईश्वरप्पाच्या बापाचं नाव तिला कुठंतरी सापडलं होतं. "तो दारवाला कुठंच उरलेला नाही, चाचा. कुणाकडं असलाच तर तो जगातला एकटा," ती म्हणाली. मग जाता जाता तिनं सांगितलं, "पण असला तर जपा. डब्याला तिखट वास आला, डबा हाताला गरम लागला, तर तो कधीही पेटेल. आधीच पाण्यात बुडवला तर वाचतो, पेटल्यावर नाही."

"माझ्याकडं न्हाई," नासिर म्हणाला. खरं सांगावं तर डबा उघडावा लागला असता. शिवाय सरांना कळलं असतं, नोकरी गेली असती, आणि तिच्याबरोबर मनतशाचं बाकही. त्या दिवसापासून तो रोज सकाळी खोलीत जाऊन नाक वर करून वास घ्यायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर रिकामी वाटीही फुंकत होता.

क्लासमध्ये सरावपरीक्षेच्या दिवशी पुढचं शटर ओढून बाहेरून कुलूप लावत. एकदा पेपर फुटला होता, तेव्हापासूनचा सरांचा नियम. कुलूप लावायचं काम नासिरचं. तो शटर ओढायचा, कुलूप अडकवायचा, पण दाबायचा नाही, आणि बाजूच्या लोखंडी जाळीच्या फटीतून आत यायचा. नुसतं लटकलेलं कुलूप लांबून लावल्यासारखंच दिसे. ही त्याची चोरी दोन वर्षं खपली. एप्रिलच्या सुरुवातीला सरांनी जाता जाता कुलूप सहज ओढलं आणि ते त्यांच्या हातात आलं. पुढच्या परीक्षेला, दोन वाजता, त्यांनी पोरांना आणि नासिरला आत घेतलं, शटरला स्वतः कुलूप दाबलं, बाजूच्या फटीला नवी साखळी घातली आणि चावी शिपायाकडं देऊन नांदेडची शाखा बघायला निघून गेले.

दोनशे ऐंशी पोरं आत. पेपर तीन तासांचा. बाहेर असं ऊन की डांबर चपलेला चिकटत होतं.

सव्वातीनला नासिर जिना चढून मशीनखोलीत गेला आणि दारातच थांबला. बॅटरीच्या तेजाबासारखा तिखट वास नाकात शिरून डोळ्यांत उतरला. त्यानं गठ्ठे बाजूला केले, पेटीत हात घातला. डबा तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखा गरम होता.

पहिल्यांदा त्यानं सरांना फोन लावला.

"सर, जरा शटर उघडाया पाहिजे होतं."

"का? काय झालं?"

आग हा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्यानं गिळला. सर लगेच हॉलमधल्या मास्तरला फोन करणार, मास्तर ओरडणार. दोन वर्षांपूर्वी गावातल्या दुसऱ्या एका क्लासमध्ये कुणीतरी बाक आपटून "हललं!" म्हणून ओरडलं, तर जिन्यावर सात पोरींचे पाय मोडले होते. तिथं तर दार उघडं होतं. या मुलखातली पोरं जन्मतःच जमिनीला भिऊन असतात. इथं 'पळा' म्हणायला कारण लागत नाही.

"काही न्हाई सर. लई गरम व्हायलंय पोरांना."

"नासिरचाचा, परत तुमचं दारांचं सुरू झालं का? मी पार नांदेडच्या वाटेला लागलोय. पाचला शिपाई येतोय चावी घेऊन." फोन बंद.

शिपायाकडं फोन नव्हता. आगीच्या बंबाला कळवावं तर तो घंटा बडवत येणार. डबा घेऊन खाली जावं तर जिना हॉलच्या तोंडाशीच उतरतो, आणि पुढं कुलूप. गच्चीचं दार क्लासनं कधीच वेल्डिंग करून बंद केलेलं. जिन्याच्या वळणावर पोरांसाठी पाण्याचे तीन जार ठेवले होते, तेवढे दिसले. शिल्पाबाईचं बोलणं आठवलं. आधी बुडवला तर वाचतो. आधी.

त्यानं जार एकेक करून आत ओढले. खडू ठेवायचा प्लास्टिकचा टब रिकामा केला आणि भरला. तागाची पोती भिजवून, पूर्वी जिथून पडद्यावर उजेड जायचा त्या भिंतीतल्या दोन चौकोनी भोकांत कोंबायला घेतली. पहिलं बुजलं. दुसऱ्यातून खाली मनतशा दिसली. तिसरं बाक, पेन्सिल केसांत खोचलेली, उत्तरांचे गोल भरत होती. चुकलं की ती लहानपणी नाजिया करायची तशी जीभ बाहेर काढायची. नासिरनं पोतं कोंबलं आणि ती दिसेनाशी झाली.

राहिलं दार. भूकंपानं त्याची चौकट कलली होती. कडी घातली नाही तर ते आपसूक सताड उघडायचं. भडका उडाला तर ज्वाळा सरळ जिन्यानं हॉलमध्ये. बाहेर राहून ओढून धरावं तर डबा बुडवणार कोण? मेण लावून बंद केलेला डबा, आत हवा, तो तरंगणार. त्याला दाबून धरायला माणूस हवा, आणि तो आतच हवा.

नासिर कडीपुढं उभा राहिला. ती एकच कडी त्याच्या पेचकसातून सुटली होती, कारण ती ईश्वरप्पाची होती. त्याचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. नाजियाचा हात असाच वर होता. वय वर्षं पासष्टचा तो माणूस रडत रडत म्हणाला, "उस्ताद, मला न्हाई जमत हो." खालून दोनशे ऐंशी पानं एकदम उलटल्याचा आवाज आला. दुसरा विभाग सुरू झाला होता. नासिरनं डोळे मिटले आणि तळव्यानं ठोकून गंजलेली कडी बसवली.

डबा उचलून टबात घातला तेव्हा पाणी फसफसलं. त्यानं दोन्ही हातांनी तो तळाशी दाबला. मग एका हातानं दाबून धरून पेचकसानं पाण्याखालीच पट्टी कापली. झाकण हललं तसे तपकिरी बुडबुडे वर आले, आणि त्यांच्या वाफेनं त्याला असा ठसका लागला की तोंडात लुंगीचा बोळा कोंबून तो दाबावा लागला. खाली आवाज जायला नको. पाणी कोमट झालं. हाताची कातडी चुरचुरायला लागली. त्यानं दाबलेला हात काढला नाही. दुसऱ्या हातानं आणखी एक जार कलंडवला. आता पेटलं तर? आत्ता? तो दाराकडं बघत नव्हता, पण पाठीला दार कळत होतं. नाजियाला किती वेळ कळलं असेल? एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यानं मनात येऊ दिला नव्हता. आता पळून जायला जागाच नव्हती, तेव्हा तो शेजारी येऊन बसला.

बुडबुडे केव्हा थांबले ते त्याला समजलं नाही. पाणी गार झालं होतं. तरी तो दाबूनच बसला होता. पाच वाजले, पण घंटा वाजली नाही, कारण वाजवणारा इथं होता. खाली मास्तरांनी घड्याळ बघून पेपर गोळा केले. शटर वर गेल्याचा खडखडाट झाला. पोरं बडबडत, भांडत, उत्तरं ताडून बघत बाहेर पडली. एकेका पावलासरशी नासिरच्या छातीवरचा दगड उतरत गेला. शेवटी शांत झालं.

मग दार वाजलं.

"नाना? घंटा का न्हाई वाजवली? नाना, आत हाव का?" मनतशा. तिनं दार ढकललं. ते हललं नाही. तिचा आवाज बदलला. "नाना, कडी हाय का काय आतून?"

नासिर उठला. पाय मुंग्यांनी भरले होते. तो दारापाशी गेला, हात वर केला, आणि कडी निघेना. ठोकून बसवलेली, गंजलेली, आणि त्याची बोटं सुजलेली. पलीकडं पोर दार वाजवत होती, आता रडवेली होऊन. नासिरला वाटलं, नाजियाचंही असंच झालं असेल का. तिचीही कडी अशीच अडकली असेल का. त्यानं खांदा दाराला लावला, दोन्ही हातांनी कडी धरली आणि जन्मभराचं बळ लावून ओढली. ती निघाली.

दार आपसूक सताड उघडलं. मनतशा आत येऊन त्याला बिलगली, मग त्याचे हात बघून ओरडली. राहिलेल्या जारच्या पाण्यानं तिनं ते धुतले. धुता धुता त्यानं तिला सगळं सांगितलं. ईश्वरप्पा, दारवाला, डबा. फक्त किल्लारीचं ते दार सांगितलं नाही. तिची आई झोपेतच गेली, असं त्यानं तिला पहिल्यापासून सांगितलं होतं.

टबात जे होतं ते बघवत नव्हतं. वरचे वेढे काकवीसारखे झालेले, आतले दगडासारखे घट्ट. जगातला एकटा दारवाला, आणि त्याला मारलं ते आगीनं नाही, नासिरच्या भीतीनं. "शिल्पाबाईला खरं सांगितलं असतं तर वाचला असता गं," तो म्हणाला, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

मनतशानं पेन्सिलीच्या टोकानं चिखल बाजूला केला. मधे कुठंतरी एक हातभर पट्टी शाबूत होती. ती पाण्यातून निथळून तिनं जिन्याच्या खिडकीतल्या उन्हाकडं धरली. डोळे बारीक करून एकेक चित्र बघत गेली. नासिरनं मान फिरवली. तो कुठला तुकडा आहे हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, कारण पोर अचानक फसकन हसली.

"नाना, आख्खं घर पडलंय, आन् ह्यो यडा दार वाजवायलाय!"

तिच्या आईसारखंच हसत होती ती, खांदे उडवत. सतरा वर्षं नासिरला त्या चित्राची भीती वाटली होती, आणि ही ते उन्हात धरून हसत होती. त्याला वाटलं रडू येईल. आलंही, पण थोडंसंच.

पट्टी संपली. शेवटच्या दोन चित्रांवर तपकिरी डाग पसरला होता; दारापुढं उचललेला हात तेवढा दिसत होता. मनतशानं ती उलटसुलट करून पाहिली.

"पुढलं गेलंय," ती म्हणाली. "नाना, मग? उघडलं का तिनं?"

नासिरनं तिच्या हातातली पट्टी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली.

"हाव," तो म्हणाला. "उघडलं की. लगेच उघडलं."